सील नवे, तरी उजवा शॉकअप ओला: दोष पाइपच्या क्रोममध्ये

बाइकच्या पुढच्या शॉकअपच्या कामातली ही पुढची नोंद. यात क्रोमचा पाइप खालच्या तेल भरलेल्या नळीत वरखाली होतो. दोन्ही बाजूंचे ऑइल सील (तेल आत अडवणारी रबरी कडी) आणि त्यांच्यावरचे, धूळ अडवणारे डस्ट सील घरीच बदलले होते. डावी बाजू कोरडी ठणठणीत आहे, पण उजव्या पाइपवर तेल पुन्हा दिसायला लागलं. गाडी दीडशे सीसीची, पाइप ३१ मिमीचे, आणि राहणं रत्नागिरीत, म्हणजे खारा वारा बारा महिने.

सील बदलल्यावर पहिल्या फेरीत पुसट ओलावा दिसला म्हणून घाबरू नये. बसवताना लावलेलं तेल आणि डस्ट सीलखालचं ग्रीस थोडं बाहेर येतंच. स्वच्छ पुसून गाडी परत चालवली आणि तरी तेल आलं, तर ती गळती. इथे आलं. तेही गोल कडं नव्हतं. पाइपच्या पुढच्या अंगाला एकच उभी रेघ होती. एकाच जागी रेघ उमटते तेव्हा सीलच्या ओठाखाली (पाइपला टेकणाऱ्या पातळ कडेखाली) कचरा तरी असतो किंवा पाइपवर त्याच बाजूला काहीतरी असतं. तळाचा ॲलन बोल्टही तपासला. त्याचा तांब्याचा वॉशर गळत असता तर तेल फक्त खाली दिसलं असतं.

आधी कचऱ्याचा उपाय केला. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापली, टोकाला आकड्यासारखी खाच घेतली आणि कड २००० नंबरच्या बारीक वॉटर पेपरवर (पॉलिश पेपरवर) घासून गुळगुळीत केली, कारण कात्रीची खरखरीत कड ओठाला इजा करू शकते. डस्ट सील वर सरकवून पट्टी पाइपला लगटून आत घातली आणि गोल फिरवली. काळपट तेल आणि बारीक कण निघाले. गावातल्या गावात गाडी कोरडी राहिली. आंबा घाट उतरून आलो आणि रेघ परत हजर.

इथे खरा सुगावा लागला. पाइपवर डस्ट सीलला चिकटून एक केबल टाय सैलसर बांधला. ब्रेक दाबून शॉकअप बसला की टाय वर ढकलला जातो आणि तिथेच थांबतो. गावात तो जिथे थांबायचा, त्याच्या बराच वर घाटात गेला. मग फक्त तेवढ्या पट्ट्यावरून कापसाचा बोळा फिरवला. एके ठिकाणी तंतू अडकले. उजेड तिरपा धरल्यावर खसखशीएवढे खड्डे दिसले, कडांना तांबूस गंज. नुसत्या नजरेला पाइप चकचकीतच होता, पण नखाला कड लागत होती. अशी कड वर उचललेली असते, सीलचा ओठ तिच्यावरून जाताना कापला जातो आणि खड्ड्यातून थेंबभर तेल बाहेर येतं. अशा पाइपवर कितीही भारी सील घाला, टिकणार नाही.

उजवी बाजू उतरवली. पाइप काचेवर लोळवून पाहिला, बेंड नाही. सीलचा ओठ भिंगाखाली चिरलेला दिसला, त्यामुळे तो सील बाद. खड्ड्यांतला गंज सुईने खरवडला आणि थिनरने पुसून हळू वाळणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी भरलं. पूर्ण कडक झाल्यावर नव्या ब्लेडने सपाट केलं आणि शेवटी तेल लावून २००० नंबरचा वॉटर पेपर फिरवला, फक्त तेवढ्या जागी आणि पाइपभोवती आडवा. उभं घासलं की तेलाला वर यायला चरे मिळतात. कापूस आता न अडकता सरकतो.

नवा सील घालताना पाइपच्या वरच्या कडेवर दुधाच्या पिशवीचा तेल लावलेला तुकडा चढवला, म्हणजे ओठ कडेवर फाटत नाही. सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने हळूहळू ठोकत नेला, सील अडवणाऱ्या क्लिपची खाच पूर्ण मोकळी दिसेपर्यंत. तेल मॅन्युअलच्या मापानेच भरलं. जास्त भरलं की वरची हवेची जागा कमी होते आणि दाब सीलवर येतो. ॲक्सल घट्ट करण्याआधी हँडल दाबून शॉकअप वरखाली करून घेतले, शॉकअपच्या दोन्ही बाजू सरळ बसाव्यात म्हणून.

ब्रेकची डिस्क याच बाजूला असल्याने ती ब्रेक क्लीनरने धुतली आणि पॅड तपासले. तेल प्यायलेले पॅड घासून परत वापरू नका, बदलाच.

सध्या घाट उतरूनही उजवी बाजू कोरडी आहे. तरी इपॉक्सी ही तात्पुरती सोय, कारण गंज क्रोमच्या खालून पसरतो. पाऊस सरला की दोन्ही पाइप हार्ड क्रोमला (क्रोमचा नवा कठीण थर चढवायला) कोल्हापूरला देणार आहे. जुना क्रोम काढून नवा चढवल्यावर ग्राइंडिंगने व्यास परत मूळ मापावर आणावा लागतो, नाहीतर सील घट्ट बसून लवकर जातो. तिथल्या उद्यमनगरात कुणी हे करून घेतलं असेल, तर मायक्रोमीटरने (बारीक माप घेणाऱ्या उपकरणाने) पाइपच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाचं काय माप आलं ते नक्की सांगा.