निंदाबंदी आणि हिप हॉप: सिअ‍ॅटलमधली एक संध्याकाळ

सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला मामेबहिणीकडे उतरले होते. तिच्या ऑफिसातल्या एका ज्यू मैत्रिणीने आम्हाला रविवारचं आमंत्रण दिलं. कार्यक्रम रॅपचा, निमित्त 'कुणाबद्दल वाईट बोलू नये' या शिकवणीचं. "ताई, तूच जा बाई, मला तो धडधडाट झेपत नाही," असं म्हणत म्हणत शेवटी गाडी तिनेच काढली.

वाटेत लेक वॉशिंग्टनवरचा पूल लागतो. तो पाण्यावर अक्षरशः तरंगतो. खाली खांब नाहीत, पोकळ काँक्रीटच्या पेट्या आहेत. सप्टेंबरातली लख्ख संध्याकाळ होती, दक्षिणेला माउंट रेनियर दिसत होता. अशा दिवशी इथले लोक नुसतं 'आज डोंगर बाहेर आलाय' म्हणतात.

स्यूअर्ड पार्क ही तळ्याकाठची वस्ती. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवायची नाही, म्हणून ऑर्थोडॉक्स, म्हणजे नियम काटेकोर पाळणारी ज्यू कुटुंबं सिनेगॉगच्या, त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, आसपासच राहतात. इथल्या दोन जुन्या सिनेगॉगची मंडळी मूळची स्पेनची. १४९२ मध्ये तिथून हाकललेल्या ज्यूंचे वंशज तुर्कस्तानात आणि ऱ्होड्स बेटावर वाढले आणि १९०२ पासून सिअ‍ॅटलला येऊ लागले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मासळीचा धंदा धरला, पाइक प्लेस मार्केटात गाळे घेतले. मी अलिबागची. आमच्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. त्यामुळे कोळणींच्या धंद्यातले ज्यू ऐकून मला भारी गंमत वाटली.

हॉलच्या दाराशी बोरेकाचं ताट होतं. बटाटा-चीजचं सारण भरलेली, भट्टीत भाजलेली करंजीच म्हणा. शेजारी तीळ लावलेली कडक, गोल बिस्किटं. आत मधोमध पडदा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. शाळकरी पोरांनी मात्र पडद्याची पत्रास ठेवली नव्हती.

एलुल महिना चालू होता. रोश हशानाच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आधीचा हा महिना हिशेब चुकते करण्याचा: वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. याच महिन्याच्या चोविसाव्या तिथीला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, इस्रायल मेयर कागान यांची पुण्यतिथी येते. तेव्हा पोलंडमध्ये आणि आता बेलारूसमध्ये असलेल्या रादिन गावचे हे रब्बी १९३३ मध्ये वारले. 'लशोन हारा', म्हणजे चहाडी आणि निंदा, यावरच्या धर्मनियमांचं अख्खं पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता.

नियम ऐकून मी चाट पडले. खोटंनाटं बोलू नये हे सगळेच सांगतात. इथे खरी गोष्टसुद्धा, तिने कुणाची नाचक्की होणार असेल, तर बोलायची नाही. ऐकायचीही नाही. तालमूद हा ज्यूंचा जुना धर्मग्रंथ म्हणतो, निंदेने तिघे मरतात: बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं तो. आपण जिभेला हाड नसतं म्हणून सोडून देतो. तालमूदात देव जिभेला सांगतो, तुझ्यासाठी मी दोन भिंती बांधल्या, एक हाडाची, एक मांसाची. दात आणि ओठ.

माझ्या मनात लगेच आलं, मग छळ करणाऱ्याबद्दलही गप्प बसायचं? शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "नाही, कुणाला इजेपासून वाचवायचं असेल तर बोलायला हवं." त्यालाही सात अटी आहेत. कागदावर हे चोख आहे. पण 'समाजाची बदनामी नको' म्हणत बायकांना गप्प करणारे कुठल्या धर्मात नसतात, ही शंका काही माझ्या डोक्यातून गेली नाही.

आता हिप हॉप. ही कला निम्मी वाढली ती एकमेकांची उणीदुणी काढून. याच सिअ‍ॅटलचा निसिम ब्लॅक आधी डी. ब्लॅक नावाने रॅप करायचा. दुसऱ्या रॅपरशी जुंपलेलं भांडण जिवावर बेतायची वेळ आली आणि तो धर्माकडे वळला, पुढे ज्यू झाला, २०१६ मध्ये इस्राएलला गेला. तो इथे नव्हता, पण दोन गायकांनी त्याचं नाव घेतलं.

सगळ्यात रंगली ती उलटी लढत. दोन पोरं समोरासमोर, बीट चालू, आणि एकाने दुसऱ्याची यमकात स्तुती करायची. टोमणा निघाला की बाद. पहिला 'तुझी टोपी छान' इथवर येऊन अडकला. चार ठोके रिकामे गेले. मग म्हणाला, माझी आजी आजारी होती तेव्हा तू गृहपाठ आणून द्यायचास. यमक जुळलंच नाही, तरी हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. समोरचा लाल झाला. मला आमच्याकडच्या ज्यूंची मराठी कीर्तनं आठवली. योसेफाचं आख्यान साकी-दिंडीत लावणाऱ्यांना हा प्रकार नक्की पटला असता.

सुरुवातीचा गायक मात्र बेसूर होता. बाहेर पडताना मी एका आजोबांना मुद्दाम विचारलं, "तो पहिला कसा वाटला हो?" त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "त्याचे बूट फार चांगले होते."

जाणार असाल तर रविवार बरा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार अंधार पडेपर्यंत इथल्या सिनेगॉगमध्ये फोन, फोटो चालत नाहीत. शिवाय दिवसा गेलात तर पार्कात तळ्याकाठाने चालता येतं, जवळजवळ चार किलोमीटरचा फेरा आहे.