पाटीची गोधडी

गुरुवार, रात्री

अकराला प्रदर्शनाची फीत कापली आणि दोन वाजले तरी भवानी नव्हती. शेवटी समोरच्या चटणीवाल्या ताईंनीच भांडी उतरवायच्या फडक्यांचा जोड घेतला, १२० रुपयांचा. मग मी त्यांच्याकडून कारळ्याची चटणी घेतली. पहिल्या दिवशी आम्ही स्टॉलवालेच एकमेकांचं गिऱ्हाईक असतो. तेच पैसे मांडवात गोल गोल फिरतात.

मागच्या पडद्यावर इरकली लुगड्यांची मोठी गोधडी टांगलीय, जांभळी-हिरवी. किंमत ६,५००. हे तिचं सातवं प्रदर्शन आणि ती याही वेळी माझ्याबरोबर परत येणार, हे मला ठाऊक आहे. पण ती नसली तर कुणी थांबत नाही. लोक तिच्याकडे बघून वळतात, तिच्यावरून हात फिरवतात, आजीची आठवण काढतात आणि १५० रुपयांचं पाऊच घेऊन जातात. ती माझी पाटी आहे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात गोधड्या विकायला बसणं हा काही शहाणपणा नाही. पण बोनस दिवाळीला मिळतो आणि थंडी डिसेंबरात पडते. भीमथडी जत्रा डिसेंबरात असते, तिथे अर्ज केलाय. तोवर हेच.

विक्री २,१५०.

शुक्रवार

ढिम्म दिवस. शेजारी बांबूच्या वस्तूवाले दादा आहेत, जव्हारकडचे. ते एकदा दिल्ली हाटात बसून आले आहेत. तिथे पंधरा-पंधरा दिवसांनी कारागीर बदलतात. "गिऱ्हाईक चांगलं, भाव करत नाय फार. पन माल न्यायचा कसा, आनि उरला तर आनायचा कसा?" टोपल्यांना वजन नसतं पण जागा लागते, माझ्या गोधड्यांना दोन्ही लागतं.

एकीनं जीएसटीचं बिल मागितलं. म्हटलं, मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली की नोंदणी लागत नाही. ४० लाख ऐकून तिनं माझ्या टेबलाकडे पाहिलं. दोघीही हसलो.

४,४८०.

शनिवार, साडेअकरा, आत्याच्या घरी

पाय सुजलेत. पण गर्दी होती.

कालपासून मी मोजतेय. "हे तर आपण घरीसुद्धा करू शकतो" हे वाक्य आज नऊ वेळा ऐकलं. करा ना! मलाही मदतीला माणसं हवीच आहेत. एक बाई मोबाइल काढून दुपट्याच्या कडेचे जवळून फोटो घेत होत्या. मी दुपटं हळूच घडी करून ठेवलं. पूर्वी अशा वेळी मला काही बोलता यायचं नाही, आता घडी घालता येते.

आमच्या रांगेच्या टोकाला एक व्यापारी बसलाय. त्याच्याकडे मशीनवर शिवलेल्या रजया आहेत, प्लास्टिकच्या पिशव्यांतून आलेल्या, आणि वर बोर्ड 'हातानं शिवलेल्या'. किंमत ९००. त्याच्याकडून निघालेलं गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन विचारतं, "तुमची ४,२०० कशी?" मी गोधडी उलटी करून दाखवते. हाताचा धावदोरा कधीच सरळ रेषेत जात नाही. बाई दमली की टाका लांब पडतो, सकाळच्या वेळेला बारीक येतो. जाऊबाईंची ओळ डावीकडे झुकते. मशीनचा टाका सगळीकडे सारखा. आयोजकांना दुपारी सांगितलं, तर म्हणाले, "त्यांनी भाडं भरलंय मॅडम." भाडं मीही भरलंय. सहा बाय सहाच्या कोपऱ्याचे चार दिवसांचे १६,०००, जास्तीच्या टेबलाचे ५००.

संध्याकाळी एक तरुण जोडपं आलं. त्यांनी गोधडी उलटी केली, टाका बघितला, आणि किती दिवस लागतात विचारलं. खरं ते सांगितलं: एका माणसाचे साठ तास, म्हणजे रोज दुपारी तीन-चार तास बसलं तर तीन आठवडे. त्यांनी भाव न करता ४,२०० दिले. मला ओशाळल्यासारखंच झालं. भाव न करणारं गिऱ्हाईक आलं की आपण किंमत जास्त तर नाही ना लावली, असं वाटतं. ही खोड कधी जाणार कोण जाणे.

एका काकांनी दुपट्याचे ६५० रुपये पाठवल्याचं मोबाइलवर दाखवलं. माझा पेमेंट आलं की बोलणारा डबा बोललाच नाही. मांडवात रेंज नव्हती. जाऊ दिलं. साडेआठला डब्यानं एकदम तीन पेमेंट घोषित केली, त्यात ते ६५० होते.

१३,९००.

रविवार

आज १६,३२०. दुसरी गोधडी गेली, पण ३,८०० ला. सात वाजून गेले होते आणि परत न्यायची गठडी डोळ्यांपुढे दिसत होती. रविवारी संध्याकाळी मुद्दाम येणारं गिऱ्हाईक हे बरोबर ओळखून असतं.

पण खरं काम आज दुसरंच झालं. पाच ऑर्डरी मिळाल्या. घरच्या साड्या त्यांनी द्यायच्या, शिलाईचे ३,५००. माझं घर खरं यावरच चालतं, टेबलावरच्या मालावर नाही.

पाचातल्या एकीशी बोलताना मात्र अवघड झालं. चाळिशीच्या असतील. आईच्या सहा साड्या पिशवीत घालून लगेच घेऊन आल्या. मी हात लावला तर सहांतल्या चार सिंथेटिक. गोधडीला मऊ, धुवून धुवून जुनं झालेलं सुती कापड लागतं. सिंथेटिक सुईखाली सरकतं, आतले थर गोळा होतात आणि अंगावर घेतली की घाम येतो. त्या म्हणाल्या, "पण आई याच नेसायची हो." बरोबरच आहे. त्यांच्या आजीनं सुती लुगडी नेसली, आईनं इस्त्री न लागणाऱ्या साड्या. माझ्या धंद्याचा कच्चा माल एका पिढीबरोबर संपत आलाय. बोहारीण पूर्वी एका पातेल्याच्या भावात मला तीन लुगडी द्यायची, आता म्हणते, "ताई, लुगडं येतंच कुठं?" शेवटी ठरलं: वरचा आणि खालचा थर आईच्या दोन सुती साड्यांचा, आत माझ्याकडची लुगडी, आणि सिंथेटिकचे फक्त काठ कडेला. त्यांना पटलं असावं. एक हजार आगाऊ दिले.

सोमवार, घरी

टेंपोत चटणीवाल्या ताईंबरोबर निम्मं भाडं वाटून घेतलं म्हणून बरं. साताऱ्याला पोचायला रात्रीचा एक वाजला.

सकाळी वही घेऊन बसले. चार दिवसांची विक्री ३६,८५०. त्यातून स्टॉल आणि टेबल १६,५००, टेंपोचा माझा वाटा जाऊन-येऊन २,०००, जेवणखाण १,२००, रिक्षा ९००. म्हणजे २०,६०० तिथंच गेले. दोन गोधड्यांचं कापड, दोरा आणि शिलाई ४,८००. बाकी बारीकसारीक वस्तूंचा खर्च त्यांच्या विक्रीच्या निम्मा धरते, तो साधारण १४,४००. बेरीज-वजाबाकी तीनदा केली. उणे २,९५०.

पाच ऑर्डरींत शिलाई आणि दोरा वजा जाता प्रत्येकी १,५५० सुटतील, म्हणजे ७,७५०. तेव्हा सगळं मिळून ४,८०० हातात, ते डिसेंबरपर्यंत सावकाश. तयारीचे तीन आठवडे, चार दिवस उभं राहणं आणि आत्यासाठी नेलेली फळं यात धरलेली नाहीत.

दुपारी जाऊबाई आल्या, सुया ठेवायचा डबा घेऊनच. "किती झालं गं?"

मी म्हटलं, "छत्तीस हजार आठशे पन्नास."

पुढचं सांगितलं नाही. का, ते मलाही नीट कळलं नाही. त्या थोडा वेळ सुईत दोरा ओवत बसल्या. मग म्हणाल्या, "मग आता नगाला अठराशे नको. दोन हजार कर."

साठ तासांचे अठराशे, म्हणजे तासाला तीस. हा हिशोब वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. मी म्हटलं, "ऑर्डरींपासून करू."

"कुठली ऑर्डर आधी?"

मी आईच्या साड्यांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक साडी दोन बोटांत चुरगाळून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.