अरुंद वाटेतून ओंडके काढताना

वादळात घरामागचे मोठे झाड उन्मळून पडले, तेव्हा ते कापून त्याचे ओंडके करणे हेच अवघड काम असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात करवतीचे काम दोन दिवसांत संपले आणि ओंडके पुढे कित्येक आठवडे जागच्या जागी पडून राहिले. घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये १.१ मीटर रुंदीचा बोळ होता, त्याला पुढे काटकोनात वळण होते आणि ते वळण पार केल्याशिवाय कोणतीही गाडी उभी करता येत नव्हती. मी साहजिकच चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात केली. कोणते यंत्र सर्वांत जास्त ओढेल, एवढेच मी पाहिले आणि छोट्या पेट्रोल इंजिनावर चालणारे विंच, म्हणजे दोराने ओझे ओढणारे यंत्र, घेऊन आलो. विंचने आपले काम चोख केले. तीन मीटर लांबीचा ओंडका त्याने थेट वळणापर्यंत ओढत आणला, तेथे तो भिंतीत रुतवला आणि मी इंजिन बंद करेपर्यंत गिलाव्याची मोठी खपली काढली.

त्या संध्याकाळी कागदावर जे गणित मांडले, ते आधीच मांडायला हवे होते. दोन्ही बाजूंना सारख्याच रुंदीची वाट काटकोनात वळत असेल, तर त्या वळणातून आडवी फिरवून नेता येणाऱ्या वस्तूची कमाल लांबी सहज काढता येते. वाटेच्या रुंदीला २.८३ ने गुणावे आणि त्यातून वस्तूच्या जाडीची दुप्पट वजा करावी. १.१ मीटरच्या वाटेतून अगदी बारीक काठी ३.१ मीटरपर्यंत वळते. पण ४० सेंटीमीटर जाडीच्या ओंडक्यासाठी ती मर्यादा २.३ मीटरवर येते. ओंडक्याखाली त्याच्याहून रुंद गाडा असेल, तर ती आणखी घटते. म्हणजे माझा तीन मीटरचा ओंडका जगातल्या कोणत्याही विंचने त्या वळणातून निघणार नव्हता. लाकूड सरपणासाठी हवे असेल तर उपाय सोपा आहे, आणखी एक काप घ्यावा. फळ्या पाडायच्या असतील, तर मात्र प्रत्येक काप लाकडाची किंमत कमी करतो आणि मग ओंडका भिंतीवरून उचलून पलीकडे नेण्याचा विचार करावा लागतो.

वाटेनंतर वजन. ओल्या लाकडाची घनता जातीनुसार बदलते, पण साधन निवडताना ती पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १००० किलो, धरणे सोयीचे असते. काही जड जातींचे ओले लाकूड तर पाण्यात बुडते, म्हणून त्यांच्यासाठी थोडे वाढवूनच धरावे. या हिशेबाने ४० सेंटीमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका सुमारे ३७५ किलोचा होतो. त्याच लांबीचा पण ६० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका साधारण ८५० किलोचा भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते, ही गोष्ट डोळ्यांना कधीच पटत नाही, म्हणून टेप लावूनच मोजावे.

आता या वजनाचे करायचे काय, हा खरा निवडीचा प्रश्न आहे. सपाट, कोरड्या मातीवर ओंडका नुसता फरफटत न्यायचा तर ढोबळमानाने त्याच्या वजनाच्या निम्मी ओढ लागते, म्हणजे वरच्या पहिल्या ओंडक्यासाठी १९० किलोच्या आसपास. त्यातही पुढचे टोक मातीत नांगरासारखे रुतू लागले, की हा आकडा कुठल्या कुठे जातो. याच ओंडक्याचे पुढचे टोक उचलून चाकांवर टेकवले, तर निम्मे वजन चाकांवर जाते, टोक रुतणे थांबते आणि ओढ जवळजवळ ११० किलोवर उतरते. संपूर्ण ओंडका चाकांवर तोलून धरला, तर कठीण जमिनीवर ४० किलोंच्या आत काम भागते, जे दोन माणसांना जमण्यासारखे आहे. इंजिनाची ताकद दुप्पट करण्यापेक्षा ओंडक्याचे नाक चार बोटे उचलणे अधिक उपयोगाचे ठरते, हे मला गिलावा पडल्यानंतर समजले.

हे उचलण्याचे काम करणारे साधन ‘लॉग आर्च’ या नावाने विकले जाते. दोन चाके, त्यांच्यावर उलट्या ‘यू’च्या आकाराची लोखंडी कमान आणि पुढे लांब दांडा, इतकीच त्याची रचना. दांडा वर करून कमान ओंडक्यावर आणायची, साखळी किंवा चिमटा अडकवायचा आणि दांडा खाली दाबायचा. दांडाच तरफ असल्यामुळे ओंडका वर येतो. घेताना तीन मापे पाहावीत. चाकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर वाटेपेक्षा किमान २० सेंटीमीटर कमी असावे, कमानीच्या आतली मोकळी जागा सर्वांत जाड ओंडक्यापेक्षा जास्त असावी आणि चाके शक्य तितकी मोठी असावीत, कारण लहान चाक प्रत्येक मुळाशी आणि दगडाशी भांडत बसते. उतार असेल तर ओंडका पूर्ण उचलू नये. मागचे टोक जमिनीवर घासत राहिले तर तेच ब्रेकचे काम करते. पूर्ण उचललेला ओंडका उतारावर गाड्यासह माणसाच्या अंगावर येतो. चढाचा हिशेब वेगळा आहे. दर सहा मीटरला एक मीटर चढ असेल तर ओढीत वजनाच्या सुमारे एक षष्ठांश भर पडते, म्हणजे आपल्या ओंडक्यासाठी आणखी साठ-बासष्ट किलो. तेथे विंच लागतेच.

विंचचे मुख्यतः दोन प्रकार लहान कामात भेटतात. पिंपावर दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये दोराचे थर वाढत गेले की ओढ कमी होते, कारण दोराच्या थरांसह पिंपाची त्रिज्या वाढते. कॅप्स्टन प्रकारात दोराचे तीन-चार वेढे फिरत्या पिंपावर देऊन सुटे टोक हाताने ओढत राहायचे असते. त्यात ओढ शेवटपर्यंत सारखी राहते आणि दोर हवा तेवढा लांब घेता येतो. हात सैल सोडला की ओढ थांबते, हा त्याचा मला सर्वांत आवडलेला गुण आहे. क्वचितच काम पडणार असेल आणि अंतर दहा-पंधरा मीटरच असेल, तर तरफेने चालणारे हाताचे विंच पुरते. ते संथ आहे खरे, पण अरुंद जागेत संथपणाचा त्रास होत नाही.

विंचसोबत कप्पी घ्यावीच. ओंडक्यावर कप्पी लावून दोराचे टोक परत मागे खुंटाला बांधले, की घर्षण वगळता ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. वळणावर दिशा बदलण्यासाठीही कप्पी लागते, मात्र ती ज्या झाडाला बांधायची त्याच्यावर काय भार येतो हे विसरले जाते. दोर काटकोनात वळत असेल तर तेथे ओढीच्या १.४ पट, आणि उलट दिशेने पूर्ण वळत असेल तर दुप्पट भार पडतो. झाडाला दोर किंवा साखळी थेट बांधू नये; रुंद पट्टा वापरावा आणि तो बुंध्याशी, जमिनीलगत ठेवावा, म्हणजे सालही वाचते आणि झाड हलतही नाही. दोर कमी ताणणारा असावा. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो आणि तुटला तर साठवलेली सगळी शक्ती त्याच्या टोकात उतरते. ताणलेल्या दोराच्या रेषेत, तसेच कप्पीने केलेल्या कोनाच्या आतल्या बाजूस, कोणीही उभे राहू नये.

भिंतीवरून नेण्यासाठी दोन आधारांमध्ये आडवा दोर बांधून ओंडका लटकवत नेण्याची कल्पना मलाही मोहात पाडत होती. दोर आडव्या रेषेशी १० अंशांचा कोन करत असेल, तर त्यातला ताण लटकवलेल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतो, हे पाहिल्यावर मी ती सोडली. तीन खांबांची तिकाटी आणि साखळीची चेन पुली हे त्याहून साधे उत्तर आहे.

साखळीपट्ट्यांवर चालणारी, चालकाने मागून किंवा पुढून चालत हाकायची छोटी यंत्रेही मिळतात. स्वीडनमध्ये अशा यंत्राला ‘लोखंडी घोडा’ म्हणतात. पट्ट्यांमुळे वजन पसरते आणि ओल्या जमिनीवर ती चाकांपेक्षा कमी रुततात. ओंडके शेकड्याने असतील, तरच त्यांचा विचार करावा. ट्रॅक्टरला जोडायचे विंचही चांगलेच, पण ट्रॅक्टर जवळ येऊ शकत असेल तर मुळात जागा अरुंद नाही. जमिनीची काळजी मात्र सर्वच यंत्रांबाबत घ्यावी, कारण माती सर्वाधिक दबते ती पहिल्या काही फेऱ्यांतच. म्हणून बागेत दहा वाटा पाडण्यापेक्षा एकच वाट दहा वेळा वापरावी.

आणि एक हत्यार, ज्याच्याशिवाय यांपैकी कशाचाच उपयोग नाही: ओंडका फिरवण्याचा आकडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मेन राज्यात जोसेफ पीव्ही या लोहाराने लांब दांड्याला बिजागरीचा आकडा आणि टोकाला अणी बसवून जे हत्यार घडवले, ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. पहारेने ओंडका हलतो, पण कोणत्या बाजूला गडगडेल हे ओंडका ठरवतो. आकड्याने ते आपण ठरवतो. ओंडक्याखाली साखळी सरकवण्यापुरती फट करणे, त्याला गाड्याच्या दिशेने सरळ करणे, वळणावर दोन इंच बाजूला घेणे, ही कामे दिवसभरात पन्नास वेळा करावी लागतात.

शेवटी मी ओंडके २ मीटरचे केले, ८० सेंटीमीटर रुंदीची कमान आणली आणि वळणाच्या कोपऱ्यात भिंतीला एक जुनी फळी उभी केली. वळण घेताना कमान अगोदर काढावी लागे, मग आकड्याने ओंडका फिरवून ती पुन्हा लावावी लागे. एका ओंडक्याला साधारण पंचवीस मिनिटे जात. विंच मी फक्त बाहेरच्या चढापुरते वापरले. फळीवर आता चांगले खोल ओरखडे आहेत.