लिफ्ट केलेल्या हायलक्सला टायर आणि रिम कोणत्या मापाचे?

टोयोटाच्या हायलक्स पिकअपला दोन इंच लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन बदलून बॉडी तेवढी उचलली, की ३३ इंची टायर आरामात बसतो, ही समजूत फार महागात पडते. लिफ्टने वाढते ती गाडी उभी असतानाची टायर आणि मडगार्डमधली फट. पुढचं सस्पेन्शन पूर्ण दबून बंप स्टॉपला (चाकाची वर येण्याची हद्द ठरवणाऱ्या रबराच्या ठोकळ्याला) टेकलं की चाक पूर्वी जिथवर वर यायचं तिथवरच येतं, कारण बंप स्टॉप जागचा हललेला नसतो. आणि टायर घासतो तो नेमका तेव्हाच: एका बाजूचं चाक दगडावर चढलंय, स्प्रिंग दबलीय आणि स्टिअरिंग पूर्ण वळलंय. म्हणून टायरचं माप ठरवायचं ते दबलेल्या आणि वळलेल्या चाकावरून. उभ्या गाडीच्या फटीत बोटं घालून नाही.

भारतातल्या हायलक्सचं उदाहरण घेऊ. कंपनीकडून दोन मापं येतात: २६५/६५ आर१७ आणि २६५/६० आर१८. पहिल्याचा व्यास ७७६ मिमी, दुसऱ्याचा ७७५. म्हणजे बाहेरून चाक तेवढंच. हिशोब सोपा आहे. २६५ ही टायरची मिमीमधली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, १७ म्हणजे रिमचे इंच. रुंदीला टक्केवारीने गुणायचं, दुप्पट करायचं आणि रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवायचे. २६५/७० आर१७ घेतला तर व्यास ८०३ मिमी होतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. २८५/७० आर१७ ला तो ८३१ मिमी, वाढ सात टक्के. ज्याला सगळे ३३ इंची म्हणतात तो हाच, प्रत्यक्षात ३२.७ इंचांचा.

डिफरन्शियलखालची जागा व्यासाच्या वाढीच्या निम्मीच वाढते, हे लक्षात ठेवा. २६५/७० ने १३ मिमी, २८५/७० ने २७ मिमी. मागच्या एक्सलखाली जागा फक्त टायरच देतो. मागचे पाटे कितीही उचला, एक्सल चाकाबरोबर जिथल्या तिथे राहतो.

ह्या २७ मिमीची किंमतही मोजून घ्या. स्पीडोमीटर मुळात अचूक असेल तर ८० दिसताना गाडी ८५-८६ ने धावत असते. (मीटर बहुधा थोडा जास्तच दाखवतात, त्यामुळे २६५/७० चा फरक त्यातच मुरतो.) प्रत्येक गिअर सात टक्के लांब होतो, म्हणजे चाकाला मिळणारी ओढ तेवढी कमी होते; घाटात भरल्या गाडीला तो जाणवतो आणि ऑटोमॅटिक वारंवार खालच्या गिअरवर येतो. शिवाय जाड बांधणीचा टायर मूळ टायरपेक्षा सहज पाच-सात किलोने जड असतो. ते वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला असल्यामुळे ब्रेकवरचा ताण वाढतो. माझं मत स्पष्ट आहे: रोज रस्त्यावर आणि अधूनमधून सह्याद्रीच्या चिखलवाटांवर जाणाऱ्या गाडीला २६५/७० आर१७ पुरतो. २८५ हवाच असेल तर लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) कापणं आणि बॉडी माउंटच्या (बॉडी चॅसीला जोडणाऱ्या, चाकामागच्या ब्रॅकेटच्या) कोपऱ्यावर काम करणं आधीच हिशोबात धरा.

१७ की १८? रिम १७ च. २६५/६० आर१८ च्या टायरची भिंत १५९ मिमी आहे, २६५/७० आर१७ ची १८५. हवा १८-२० पीएसआयवर उतरवून दगडांवरून जाताना रिम वाचवते ती ही भिंत. २० इंची रिमचा मोह तर पूर्ण सोडा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ऑफसेटमध्ये, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे त्यात. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. मूळ रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट +३० धरा. त्याजागी ८ इंची, शून्य ऑफसेटचा रिम लावला तर बाहेरची कड ३६ मिमी बाहेर येते. दिसायला छान, पण स्टिअरिंग वळवताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो, मागे बॉडी माउंटला आणि पुढे बंपरच्या कोपऱ्याला भिडतो. व्हील बेअरिंगवर ताण येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, चिखल दरवाज्यांवर उडतो. याउलट मूळ ऑफसेटवर २८५ लावला तर टायर आतल्या बाजूला १० मिमी सरकतो आणि वरच्या कंट्रोल आर्मजवळची (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या वरच्या दांड्याजवळची) जागा कमी होते. ८ इंची रिम +२० ऑफसेटचा घेतला की २८५ टायरची आतली बाजू होती तिथेच राहते आणि बाहेरची फक्त २० मिमी पुढे येते. २६५ साठी +२० ते +३० मध्ये काहीही चालेल. स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची चकती) लावून ऑफसेट जुळवू नका. नुसत्या सरकवायच्या स्पेसरने नटाला मिळणारे आटे कमी होतात.

पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास) ६x१३९.७ आहे म्हणून रिम बसलाच असं नाही. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग लागते, नाहीतर ८०-९० च्या वेगाला थरथर येते आणि बॅलन्सिंग करूनही जात नाही. नटही तपासा. कंपनीच्या अलॉयचे नट बऱ्याचदा सपाट वॉशरचे असतात, तर बाजारातल्या रिमला शंकूच्या आकाराची बैठक असते. चुकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो. मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

चारही टायर विकत घेण्याआधी एकच रिम-टायर जोडून पुढे लावून बघा. ब्रेक कॅलिपरला रिम लागतो का ते हाताने फिरवून कळेल. मग ते चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवून सस्पेन्शन बंप स्टॉपपर्यंत दाबा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना न्या आणि दुसऱ्या माणसाला लायनरवर खडूने खुणा करायला सांगा. रिव्हर्समध्येही बघा, बरेचदा घासणं तिथेच सापडतं. कुठेही १० मिमीपेक्षा कमी फट नको. चिखल चिकटला की ती उरत नाही. लिफ्टनंतर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला असतो, म्हणून अलाइनमेंट करताना खालच्या आर्मच्या कॅममधून (फिरवून आर्म सरकवणाऱ्या बोल्टमधून) चाक शक्य तितकं पुढे घ्यायला सांगा. त्याने स्टिअरिंग परत सरळ यायला लागतं आणि बॉडी माउंटपाशी थोडी जागाही सुटते.

टायरच्या भिंतीवर एलटी (लाइट ट्रक) असेल तर हवेचा मूळ आकडा लागू होत नाही. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला जास्त दाब लागतो. रिकाम्या गाडीला ३५-३६ पीएसआयने सुरुवात करा, टायरवर आडवी खडूची रेघ मारून शंभर मीटर सरळ चालवा. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. माल भरताना मागे वाढवा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीतले बदल आरटीओच्या नजरेत येतात. विमा कंपनीलाही आधी लेखी विचारा. आणि पाचवा टायर त्याच मापाचा घ्या. ७७६ ची स्टेपनी आणि ८३१ चे तीन टायर घेऊन कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावली तर ट्रान्सफर केस ताणली जाते. ८३१ मिमीचा टायर पिकअपच्या पोटाखालच्या जागेत बसतो का, हेही खरेदीआधीच मोजा. नाही बसला तर मागच्या हौद्यात त्याला पट्ट्याने बांधायची सोय करावी लागेल.