बियाण्याची पिशवी आणि माझी नोकरी
मी बियाणे कंपनीत विक्री सांभाळतो. माझा भाग दारव्हा-आर्णी. २००२ साली बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी आली आणि पुढच्या काही वर्षांत घरची सरकी पेरणं जवळपास संपलं. संकरित वाण, त्याचं घरचं बी पुढच्या वर्षी तसं पिकत नाही, म्हणजे दर मृगाला नवी पिशवी. तरीही बोंडअळी आली की फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्याच बोकांडी. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. म्हणून मी मीटिंगमध्ये टार्गेटआधी हातमोजे-मास्कचा विषय काढतो. साहेबांना रुचत नाही. मित्र म्हणतात, नोकरी सोड. पण माझ्या जागी येणारा हे बोलेल का? परवा बांधावर एका काकांनी बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली. "सांगा भाऊ, आता काय मारू?" मी आमचं औषध सांगितलं नाही. म्हटलं, कामगंध सापळे लावा, मादीच्या वासानं नर पतंग त्यात अडकतात; आणि यंदा फरदड ठेवू नका, वेचणी संपली की पुढच्या बोंडांसाठी पीक उभं ठेवू नका.