शेवटच्या रांगेपर्यंत

आज दुपारभर एका ज्येष्ठ रंगकर्मींशी गप्पा झाल्या. पुरस्कार-मानपत्रांचा विषय त्यांनी दोन वाक्यांत उडवून लावला. रंगले ते आवाजावर! माइक नसताना कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोचवायची, हे बसल्या बसल्या करून दाखवलं. ओठ जेमतेम हलले, पोट मात्र भात्यासारखं आत-बाहेर.

मग गाडी डॉ. श्रीराम लागूंवर गेली. कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मध्ये प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ उभं केलं!

“तुम्हाला नाही वाटलं नोकरी सोडावी?”

“रोज वाटायचं. पण घर पगारावर चालायचं.”

(एवढं सरळ उत्तर छापील मुलाखतींत सहसा सापडत नाही.)

निघताना म्हणाले, “पुढच्या वेळी संहिता धरायला ये. नवं नाटक घेतलंय, पाठांतर बाकी आहे.”