सील लावताना समोर कोण असते

चाकण परिसरातील एखाद्या कारखान्यात सकाळच्या पाळीआधी पोहोचलो की माझे पहिले काम स्वच्छतागृह तपासण्याचे असते. नमुन्यात कोणी पाणी मिसळू नये म्हणून कमोडमधल्या पाण्यात निळा रंग मिसळायचा, नळ बंद करून त्यावर चिकटपट्टी लावायची, साबण, फिनाईल आणि कचऱ्याची टोपली बाहेर काढायची आणि कोणी काही आधीच लपवून ठेवलेले नाही ना, हे पाहायचे. ही तयारी पाहून कामगारांच्या कपाळावर आठ्या पडतात. आपल्यावर संशय घेतला जात आहे असे त्यांना वाटते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणूनच अमली पदार्थांच्या चाचणीसाठी लघवीचा नमुना गोळा करणाऱ्या माणसाने कोणत्या मर्यादेत वागावे, याविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटले.

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या चाचण्यांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. खासगी कारखान्यांसाठी मात्र असा स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. मी हे काम शिकलो ते अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या नियमावलीवरून, आणि आजही तीच माझ्यासमोर असते. त्या नियमावलीनुसार एका वेळी एकाच व्यक्तीचा नमुना घ्यायचा असतो. किमान ४५ मिलिलिटर लघवी मिळाल्यावर चार मिनिटांच्या आत तिचे तापमान पाहायचे असते आणि ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. नंतर एका बाटलीत ३० आणि दुसऱ्या बाटलीत १५ मिलिलिटर भरायचे. अहवाल प्रतिकूल आला आणि तो कर्मचाऱ्याला मान्य नसला, तर ७२ तासांच्या आत मागणी करून ही दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क त्याला असतो. शिवाय कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाने शक्यतो त्याचा नमुना घेऊ नये, असेही ही नियमावली सांगते. आपल्याकडे सुपरवायझरलाच हे काम सोपवण्याचा आग्रह अनेकदा धरला जातो, आणि मी तो प्रत्येक वेळी नाकारतो.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा क्षण सील लावण्याचा असतो. बाटल्या त्या व्यक्तीच्या डोळ्यांसमोर भरायच्या, सील तिच्यासमोर लावायचे आणि सील लावून झाल्यावरच त्यावर तिची आद्याक्षरे घ्यायची. आधी सही घेऊन मागाहून सील चिकटवणे मुळीच चालत नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून याच ठिकाणी चूक झाली. एका चालकाला घरून फोन आला म्हणून तो दाराबाहेर गेला, आणि रांग मोठी असल्याने मी त्याची वाट न पाहता दोन्ही बाटल्या सील केल्या. परत आल्यावर त्याने शांतपणे विचारले, “साहेब, ही माझीच बाटली कशावरून?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाटली त्याचीच होती हे मला ठाऊक होते. परंतु ते फक्त मलाच ठाऊक असणे हाच खरा दोष होता. मी तो नमुना बाद केला, झालेली चूक फॉर्मवर लिहिली, त्याची माफी मागितली आणि त्याच्यासमोर नव्याने नमुना घेतला.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा पुण्यात घरोघरी नमुन्यांची चर्चा होती. त्या प्रकरणाचा निर्णय न्यायालय करील. तेव्हापासून कामगार मात्र माझ्या हातांकडे अधिक बारकाईने पाहतात आणि ते पाहतात याचे मला समाधान वाटते.

दुसरे पथ्य मौनाचे आहे. “मी खोकल्याचे औषध घेतो, त्याने काही होईल का?” असा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो, आणि दिवाळीच्या दिवसांत अनारशांवरच्या खसखशीबद्दलही विचारणा होते. प्रश्न रास्त आहे. कोडीनयुक्त औषधाने ओपिएट, म्हणजे अफूजन्य पदार्थांच्या वर्गाची चाचणी सकारात्मक येऊ शकते, आणि खसखशीमुळे निष्पाप माणसे अडकू नयेत म्हणूनच अमेरिकेत १९९८ मध्ये लघवीतील ओपिएटची प्राथमिक मर्यादा दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० नॅनोग्रॅमपर्यंत वाढवण्यात आली. तरीही त्या खोलीत मी औषधांची चौकशी करत नाही आणि दिलासाही देत नाही. अहवाल सकारात्मक आल्यास अर्थ लावण्याचे काम वैद्यकीय समीक्षा करणाऱ्या डॉक्टरांचे असते. ते कर्मचाऱ्याशी स्वतः बोलतात आणि औषधाची चिठ्ठी पाहतात. मी ऐकलेली औषधांची नावे कंपनीच्या कानावर गेली, तर एखाद्याचा मानसिक आजार किंवा मधुमेह कँटीनमध्ये चर्चेचा विषय होईल. एचआर विभागातून फोन येतो, “कोण घाबरलेला वाटला?” अशा फोनला माझे एकच उत्तर असते, की फॉर्मवर जे लिहिले आहे त्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही.

भीतीने लघवी न होणे हे तर अगदी स्वाभाविक आहे. पन्नाशीतले एक चालक घामाघूम होऊन तिसऱ्यांदा बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, होतच नाही हो.” मी म्हणालो, “काका, घाई नाही. बसा, थोडे पाणी घ्या.” नियमाप्रमाणे तीन तासांपर्यंत वेळ देता येतो आणि त्या अवधीत सुमारे १.२ लिटरपर्यंत पाणी पिण्यास सांगता येते. पाणी पिण्याची सक्ती करायची नसते, आणि टोमणा तर मुळीच मारायचा नसतो. बाहेर उभ्या असलेल्या सुपरवायझरला मी तिथून जाण्याची विनंती केली. पाऊण तासाने काकांनी नमुना दिला.

मी आता नव्या मुलामुलींना हे काम शिकवतो. नियमावलीप्रमाणे सलग पाच सराव नमुने एकही चूक न होता घ्यावे लागतात, आणि त्यात मी स्वतःची एक अट घातली आहे: त्याआधी प्रत्येकाने एकदा नमुना देणाऱ्याच्या जागी उभे राहायचे, खिसे रिकामे करायचे, हात धुऊन निळ्या पाण्याच्या त्या खोलीत जायचे आणि भरलेला कप हातात घेऊन बाहेर यायचे. गेल्या महिन्यातली एक मुलगी बाहेर आली आणि मी बाटली सील करेपर्यंत तिने त्या बाटलीवरची नजर एकदाही हलवली नाही.